जरा बोलायचं आहे

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत पुढील गोष्टी होत्या : सहा स्टुलं, त्यांतलं एक डुगडुगणारं, दोन तराजू, त्यांतला नाजूक तराजू काचेच्या वेगळ्या खोलीत, गमची ताकद मोजणारं एक टेन्साइल मशीन, उघडणारी एक खिडकी आणि न उघडणाऱ्या दोन, वेळेवर कामाला आलेली तीन माणसं, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर, निळ्या पेनाने लिहिलेले आठ शब्द.

‘मला प्रत्येकाशी, दार बंद करून, जरा बोलायचं आहे.’

खाली सही. सही वाचता येत नव्हती, पण अक्षर थरथरलेलं होतं, त्यामुळे ती साहेबांचीच आहे हे तिघांनीही ओळखलं.

हे साहेब म्हणजे काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्याच डुगडुगणाऱ्या स्टुलावर बसणारा, रसायनशास्त्र शिकलेला, बत्तीस वर्षांचा एक गृहस्थ. फर्निचर चिकटवायचा गम बनवणाऱ्या त्या कारखान्याने त्याला प्रयोगशाळेचा प्रभारी प्रमुख केलं होतं. प्रभारी म्हणजे खुर्ची दिली आहे, पण टेकून बसायचं नाही. पाठीमागे त्याला लिटमस म्हणत. मोठे साहेब समोर आले की तो लाल होई आणि ते गेले की निळा पडे, इतकं साधं कारण. त्याला हे नाव माहीत नव्हतं. पण आपल्याला माहीत असायला हरकत नाही.

येत्या शुक्रवारी मोठे साहेब ठरवणार होते : लिटमसचा ‘प्रभारी’ काढून टाकायचा, की लिटमसलाच परत स्टुलावर बसवायचं. आणि ठरवण्याआधी ते प्रयोगशाळेतल्या माणसांना विचारणार होते, ‘हा तुम्हाला चालेल का?’

लिटमसची झोप उडवली होती ती याच प्रश्नाने. मोठ्या साहेबांना तो घाबरे, पण त्यात विशेष काही नव्हतं, त्यांना सगळेच घाबरत. त्याला आता स्वतःच्या माणसांची भीती वाटू लागली होती. पूर्वी चहाच्या वेळी कोणीतरी त्याच्या पाठीत थाप मारी, त्याच्या बशीतलं बिस्किट पळवी. आता तो आला की हसणं मध्येच तुटे, ‘बसा ना साहेब’ म्हणून एक जण उठे, आणि त्या उठलेल्या माणसाबरोबर बाकीचेही काम आठवून निघून जात. उरत ती बिस्किटं.

अशा अवस्थेत कारखान्याने त्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता ‘कामाच्या ठिकाणी निरोगी संबंध आणि उत्तम नेतृत्व’. प्रशिक्षकांचा आवाज इतका मऊ होता की मागच्या रांगेला नुसते ओठ हलताना दिसत. लिटमस पहिल्या रांगेत बसला होता.

“माणसांशी बोला,” प्रशिक्षक म्हणाले. “प्रत्येकाशी. दार बंद करून. आणि ऐका.”

लिटमसने हात वर केला. “किती?”

“काय किती?”

“बोलायचं किती?”

प्रशिक्षकांनी प्रेमाने त्याच्याकडे पाहिलं. “जरा,” ते म्हणाले.

शास्त्र शिकलेल्या माणसाला कृती दिली की तो ती जशीच्या तशी करतो. प्रत्येकाशी. दार बंद करून. जरा. फळ्यावर उतरलं ते हे.

आता फळ्यासमोरची तीन माणसं. काकू टेन्साइल मशीनवर गमचे जोड तोडून त्यांची ताकद मोजत. चष्मेवाला त्या आकड्यांची सरासरी काढी. भाऊ स्टोअर आणि यंत्रांची साफसफाई सांभाळत. आणि चौथा माणूस, म्हणजे स्वतः लिटमस, काचेच्या खोलीत नाजूक तराजूसमोर बसला होता. ती खोली वरून उघडी आहे, हे बाहेरच्या तिघांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

“जरा म्हणजे किती हो?” भाऊंनी विचारलं.

“आपण तिघं आहोत,” चष्मेवाला म्हणाला. “जरा म्हणजे एक.”

“एक काय?”

“एक कमी.”

भाऊंनी बोटं मोजून पाहिली.

“माझ्याशी चोवीस वर्षांत दोनदा साहेब लोक दार बंद करून बोललेत,” काकू म्हणाल्या. “एकदा माझी बढती गेली आणि एकदा खिडकीजवळची जागा.”

“पण ह्यांच्या केबिनचं दार बंद कुठं होतं?” भाऊ म्हणाले.

“तेच तर! म्हणजे आता दुरुस्त करून घेणार. बघा, माणसानं किती मनावर घेतलंय.”

आत लिटमसला हे सगळं ऐकू आलं. बाहेर जाऊन ‘अहो, तसं नाही’ म्हणावं, तर आपण ऐकत होतो हे कळणार. न जावं, तर तसंच आहे असं ठरणार. समोरच्या तराजूचा शेवटचा आकडा सारखा वर-खाली होत होता. भीतीला वजन असावं अशी शंका त्याला क्षणभर खरोखरच आली. मग लक्षात आलं की आपल्या श्वासाने पारडं हलतंय. त्याने श्वास रोखला आणि चहाची घंटा होईपर्यंत एकच रिकामी बशी पुन्हा पुन्हा तोलत राहिला.

चहानंतर त्याने गैरसमज दूर करायचं ठरवलं. फळ्यावर, पहिल्या ओळीखाली, त्याने लिहिलं : ‘काळजीचं काहीही कारण नाही.’

तोवर चष्मेवाला नोकरी जाण्याची शक्यता तेहतीस टक्के धरून चालला होता. ही ओळ वाचून त्याने ती नव्वदवर नेली. भाऊंनी घरी फोन करून नवीन फ्रिजचा विचार लांबणीवर टाकायला सांगितलं. लिटमसला दुरूनच वातावरण समजलं. त्याने आणखी माणुसकीने तिसरी ओळ लिहिली : ‘चहा दिला जाईल.’

काकूंनी ती सावकाश वाचली. “शेवटची इच्छा विचारतात ना,” त्या म्हणाल्या, “तसंच हे.”

संध्याकाळी जिन्यात शेजारचे अण्णा भेटले. अण्णा एका मोठ्या कचेरीतून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झालेले. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभं राहायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटेत अडवून सल्ला द्यायचा, हे त्यांचं निवृत्तीनंतरचं पूर्णवेळ काम होतं.

“संबंध वगैरे काही नाही,” अण्णा म्हणाले. “दरारा पाहिजे. माझ्या हाताखाली अकरा माणसं होती. एकानं कधी तक्रार केली नाही.”

“एकानंही नाही?”

“तोंड उघडलं तर ना!”

“मग तुमच्या निरोप समारंभाला सगळे...”

“त्या दिवशी सगळे रजेवर होते,” अण्णा म्हणाले. “योगायोग.” आणि ते कठड्यावरची धूळ बोटाने पुसू लागले.

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या. त्यांनी दोन पायऱ्या वर जाऊन मान वळवली. “काय हवं ते करा, पण लेखी काही देऊ नका.”

“फळ्यावर लिहिलेलं लेखी धरतात का?”

वकीलबाईंनी पिशवी खाली ठेवली. “सही केलीत?”

लिटमसने होकारार्थी मान हलवली. वकीलबाई काही न बोलता पिशवी उचलून वर गेल्या. रात्रभर तो त्या न बोलण्याचा अर्थ लावत बसणार हे त्यांना ठाऊक असावं.

बायको दातांची डॉक्टर. तिने सगळं ऐकलं आणि आधी पोटभर हसली.

“अरे, दिवसभर मी लोकांना ‘जरा दुखेल हं’ म्हणते. ‘जरा’ म्हटलं की पेशंट खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरतो. जरा थांबा, जरा येता का, जरा बोलायचंय... या शब्दानंतर कधी कुणाचं भलं झालंय?”

“मग काय लिहू?”

“लिहू नकोस. त्यांच्यात जाऊन बस आणि विचार काय चाललंय.”

“आणि कोणी काही बोललंच नाही तर?”

“तोंड उघडा म्हटल्यावर माझ्याकडेही लगेच कोणी उघडत नाही. मी थांबते.”

सल्ला चांगला होता. पण प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लिटमसला मिळालं होतं, बायकोला नव्हतं. शिवाय जाहीर केलेली कृती मध्येच बदलली तर माणसं अजून घाबरतील, अशी त्याला भीती. मंगळवारी सकाळी तो दुरुस्ती विभागात गेला.

“माझ्या केबिनचं दार बंद होत नाही.”

दुरुस्ती विभागाच्या कारकुनाने डोकं वर केलं नाही. “उघडतं ना?”

“उघडंच असतं.”

“मग अडचण काय? बंद दार उघडत नसेल तर ती तक्रार. उघडं दार बंद होत नाही ही सोय झाली.”

“पण मला ते बंद करायचंय.”

आता कारकुनाने डोकं वर केलं. आवाज खाली आणला. “कोणाला काढताय?”

“कोणालाच नाही!” लिटमस ओरडला. आणि एखादी गोष्ट इतक्या जोरात नाकारली की ती पसरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात ती कँटीनपासून फाटकापर्यंत पसरली. दुपारपर्यंत पॅकिंगमधल्या दोघांनी त्याला वाकून नमस्कार केला. त्याने त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सुतार आला तो बुधवारी सकाळी. त्याने दार थोडं तासलं, आतून ओढलं की आणि बाहेरून दाबलं की सुटेल असा नवा खटका बसवला आणि आतल्या बाजूला एक जाडसर लाकडी हँडल धरून पाहिलं.

“स्क्रू संपलेत, साहेब. तात्पुरतं आपल्या गमनं चिकटवतो.”

“टिकेल?”

सुताराने त्याच्याकडे असं पाहिलं की लिटमस लाल झाला. “तुम्हीच पास करता ना माल? शनिवारच्या बॅचचा डबा आहे हा. डब्यावर लिहिलंय, वीस किलोची हमी. तुम्हाला काय त्याला लोंबकळायचंय?”

जोड वाळायला सांगितला होता तेवढा वेळ वाळू दिला, आणि दुपारी पहिली पाळी आली काकूंची. त्या आल्या त्या हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीतून पट्टी, पाण्याची बाटली, जुना चष्मा आणि टेबलावरचं चिमुकलं कॅलेंडर डोकावत होतं. आपला खण त्या रिकामा करून आल्या होत्या. लिटमसने खुर्ची पुढे ओढली.

“बसा, काकू.”

त्या बसल्या. त्याने दार लोटलं. खटका ‘खट्’ करून बसला, आणि त्या आवाजाला दोघंही दचकले.

“चहा?”

“आधी सांगा. मग घेते.”

प्रशिक्षकांनी पहिला प्रश्न मोकळा ठेवायला सांगितला होता. लिटमसने घसा खाकरला. “काकू, इथं काम करताना तुम्हाला कशाची भीती वाटते का?”

“आत्ता?” काकूंनी विचारलं.

त्यांचे हात पिशवीच्या बंदांवर इतके आवळले होते की बोटांची पेरं पांढरी झाली होती. हे काही निरोगी संबंध नव्हेत, एवढं लिटमसला प्रमाणपत्राशिवायही दिसलं. दार उघडं ठेवलं तर यांना बरं वाटेल, असा विचार करून तो उठला आणि त्याने हँडल ओढलं.

दार जागेवर राहिलं. हँडल हातात आलं.

लिटमस हँडलकडे बघत उभा राहिला. आपण कोंडलो गेलो ही भीती त्याला आधी वाटली. मग बाहेरचे काय समजतील ही. मग काकू काय समजतील ही. या तिन्हींचा क्रम लावून होण्याआधी काकू उठून त्याच्या शेजारी आल्या होत्या. त्यांनी हँडल हातातून घेतलं आणि उलटं करून पाहिलं. तळ गुळगुळीत होता. त्यावर गमचा पापुद्रा, सोललेल्या सालीसारखा.

“लाकूड फाटलं नाही,” काकू म्हणाल्या. “गम चांगला असला की लाकूड फाटतं, जोड सुटत नाही. कुठल्या बॅचचा होता?”

“शनिवारच्या. तुम्हीच मोजलीत. एकवीस किलो आले होते. हल्लीच्या मानाने कमी, पण हमीच्या वर.”

“आणि तुम्ही किती जोर लावलात?”

“जरा,” लिटमस म्हणाला.

हँडल त्याच्या हातात परत देऊन काकू खुर्चीत बसल्या. पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली. “साहेब,” त्या म्हणाल्या, “मलाच तुमच्याशी जरा बोलायचंय.”

लिटमसने ते हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. हे वाक्य ऐकणाऱ्याच्या बाजूने कसं लागतं, ते त्याला पहिल्यांदाच कळलं.

“तीन आठवडे झाले, जोड ओढताना मशीनमधून टक असा आवाज येतो. आणि आवाज यायला लागल्यापासून आकडे चांगलेच येतायत. इतके चांगले मी चोवीस वर्षांत पाहिले नाहीत.”

“मग मला सांगितलं का नाहीत?” लिटमसने विचारलं. या बोलाचालीत काकूंचा आवाज चढला होता की लिटमसचा, यावर नंतर मतभेद झाले. दाराबाहेर ऐकू गेला हे नक्की.

“आले होते सांगायला! तुम्ही म्हणालात, ‘काकू, जे काही असेल ते शुक्रवारनंतर. तोवर नवीन काही निघायला नको.’”

तो म्हणाला होता. तोंडात बिस्किट असताना म्हणाला होता.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा पडल्या. “साहेब, काकूंना काढू नका!” भाऊ ओरडत होते. “त्यांचा काही दोष नाही! मशीनचा पट्टी पकडणारा वरचा जबडा माझ्या हातून पडला! पुसायला काढला होता, निसटला आणि फरशीवर आपटला. वरून काही मोडलेलं दिसेना म्हणून परत बसवून टाकला. मी तेव्हाच लिटमसला सांगणार होतो, पण...”

“कोणाला?” लिटमसने आतून विचारलं.

बाहेरच्या थापा थांबल्या.

“साहेबांना,” भाऊ म्हणाले.

“त्याच्या आधी काय म्हणालात?”

“लिटमस, साहेब,” चष्मेवाल्याचा आवाज आला. “नाव मी ठेवलंय. दार बंदच आहे तर सांगून टाकतो. आणि आकड्यांचंही सांगतो. गेल्या तीन आठवड्यांची सरासरी आधीपेक्षा जवळजवळ दीडपट आहे. मला वाटलं माझंच गणित चुकतंय. विचारायला येणार होतो, पण तुम्ही इतके घाबरलेले दिसायचात की...”

“की काय?”

“की आम्हाला भीती वाटायची.”

एरवी लिटमसने त्या नावावर आठवडाभर मनात कढ काढले असते. आपण लाल होतो हे ठीक, निळे कधी पडतो, याची आरशासमोर चाचणीही घेतली असती. पण त्या वरच्या जबड्याच्या पोटात ताण मोजणारा भाग असतो. तो बिघडून दीडपट दाखवत असेल, तर एकवीस दाखवलेला गम खरा तेरा-चौदा किलोचाच. आणि शनिवारची बॅच आज दुपारी निघणार होती, शाळेसाठी लहान मुलांच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याकडे. आवारातून गाडीचा हॉर्न ऐकू आला.

“दार उघडा!” लिटमस ओरडला. “बाहेरून दाबा खटका!”

चष्मेवाल्याने खटका दाबला, भाऊंनी खांदा मारला, आणि लिटमस त्यांच्या मधून सुटला तो थेट जिना उतरून आवारात. लाकडी हँडल त्याच्या हातातच होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने नंतर सांगितलं, साहेब कोणाला तरी मारायला धावतायत असं वाटलं, म्हणून मी फाटक लावून घेतलं. गाडी थांबली ती त्यामुळे. नुसत्या हात हलवण्याने ती थांबली नसती.

मोठे साहेब खाली आले. 

“गाडी कोणी थांबवली?”

“मी. शनिवारचा गम कच्चा असावा.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

लिटमसच्या मागे तिघंही येऊन उभे होते. त्यांच्या धापा त्याला मानेवर जाणवत होत्या. एकाने जबडा पाडला होता, एकीने आवाज ऐकला होता, एकाने आकडे पाहिले होते. तिघांकडे बोट दाखवलं असतं तर त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.  तो गाडीच्या चाकाला टेकला.

“कोणाच्याच नाही. प्रमुख मी आहे.”

‘प्रभारी’ म्हणायचं राहून गेलं.

“आणि माल चांगला निघाला तर?”

“तर मग शुक्रवारची वाट बघायला नको, साहेब. आजच ठरवून टाका.”

“मी सांगितलं त्यांना,” काकू मागून पुढे आल्या. “मशीन टक वाजतं.”

“जबडा मी पाडला,” भाऊ म्हणाले.

“आकडे मला दिसत होते,” चष्मेवाला म्हणाला.

मोठ्या साहेबांनी एकेकाकडे आळीपाळीने पाहिलं. “सगळे एकदम बोलू नका!”

“आत्तापर्यंत सगळे एकदम गप्प होतो,” काकू म्हणाल्या. “त्यापेक्षा हे बरं.”

मशीनवर कोणाचा भरवसा उरला नव्हता, म्हणून वर प्रयोगशाळेत जाऊन साध्या वजनांनीच मोजायचं ठरलं. प्रत्येक बॅचमधली एक चिकटवलेली पट्टी राखून ठेवत. शनिवारची राखीव पट्टी भाऊंनी कपाटातून आणली आणि खिडकीच्या लोखंडी गजाला हुकाने अडकवली. खाली पिंजऱ्यासारखं पारडं. गाडीचा ड्रायव्हरही दारात येऊन उभा राहिला, त्याच्यामागे सुतार, त्याच्यामागे दुरुस्ती विभागाचा कारकून.

पट्टीने वीस किलो पेलले, तर लिटमसची खुर्ची गेली. नाही पेलले, तर तीन आठवड्यांचा सगळा माल परत मागवायचा, आणि तोवर त्या खुर्च्यांवर कोण बसलं असेल कोणास ठाऊक. यातल्या कशाची भीती जास्त वाटते आहे, हे लिटमसला ठरवता येईना. त्याने पहिलं वजन उचललं. काकूंनी खालून हात लावला.

पाच किलोला काही झालं नाही. दहालाही नाही. मोठे साहेब घड्याळ बघू लागले. दहाच्या पुढे चष्मेवाला अर्ध्या अर्ध्या किलोने मोठ्याने मोजू लागला. बारापाशी त्याचा आवाज चिरकला, तेव्हा भाऊंनी मोजायला सुरुवात केली. पुढचं वजन काकूंनी ठेवलं, त्याच्या पुढचं चष्मेवाल्याने, आणि त्याच्या पुढचं लिटमसने, दोन्ही हातांनी, पारड्याला धक्का लागू न देता.

पट्टी सुटली तेव्हा पारड्यात साडेतेरा किलो होते.